जुन्या मोटारीचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बदलायचा, तर कोणता घ्यावा?

दहा-पंधरा वर्षे चाललेल्या मोटारीचा ‘चेक इंजिन’चा दिवा लागतो, स्कॅनर जोडल्यावर ‘पी ०४२०’ हा कोड दिसतो आणि मेकॅनिक दोन शब्दांत निकाल देतो : कॅट गेला. पुढे मालकासमोर येणारे पर्याय गोंधळात टाकणारे असतात. मोटार बनवणाऱ्या कंपनीचा मूळ भाग, दुसऱ्या उत्पादकाने त्याच मॉडेलसाठी बनवलेला भाग, कोणत्याही मोटारीला वेल्डिंग करून बसवता येईल असा सरसकट भाग आणि दुसऱ्या मोटारीतून काढलेला वापरलेला भाग, हे चारही पर्याय बाहेरून पाहिले तर पोलादी कवचातले सारखेच डबे वाटतात. किमतींत मात्र अनेक पटींचा फरक असतो. एवढा फरक कशामुळे पडतो आणि कोणत्या मोटारीसाठी तो मोजणे योग्य आहे, हे समजून घ्यायचे तर आधी डब्याच्या आत काय चालते ते पाहावे लागते. त्याआधीही एक प्रश्न उरतो, जो घाईत विचारलाच जात नाही : जुना कन्व्हर्टर गेला कशाने?

डब्याच्या आत काय असते

उत्प्रेरक म्हणजे स्वतः खर्ची न पडता रासायनिक प्रक्रिया घडवून आणणारा पदार्थ. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये हे काम प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम हे तीन मौल्यवान धातू करतात. इंजिनातून निघणाऱ्या धुरात कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले इंधन म्हणजे हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे असे तीन मुख्य घातक घटक असतात. पहिल्या दोघांचा ऑक्सिजनशी संयोग घडवून त्यांचे कार्बन डायऑक्साइड व पाण्याच्या वाफेत रूपांतर करणे हे प्रामुख्याने प्लॅटिनम आणि पॅलेडियमचे काम आहे, तर नायट्रोजनच्या ऑक्साइडांमधला ऑक्सिजन सोडवून साधा नायट्रोजन बाहेर पडू देण्याची कामगिरी मुख्यतः ऱ्होडियमकडे असते.

हे धातू सुट्या स्वरूपात नसतात. डबा कापून उघडला, तर आत राखाडी-पांढऱ्या सिरॅमिकची एक वीट दिसते आणि तिला समोरून पाहिले, तर मधाच्या पोळ्यासारखी बारीक चौकोनी छिद्रांची जाळी दिसते. नेहमीच्या विटेत एका चौरस इंचात ४०० छिद्रे असतात, म्हणजे चौरस सेंटिमीटरला साठहून थोडी अधिक, आणि दोन छिद्रांमधली भिंत मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याहूनही पातळ असते. या भिंतींवर ॲल्युमिनाचा खरखरीत, सच्छिद्र थर दिलेला असतो, ज्यामुळे धुराशी संपर्क येणारे पृष्ठफळ प्रचंड वाढते, आणि त्या थरात धातूंचे सूक्ष्म कण विखुरलेले असतात. संपूर्ण मोटारीत मिळून हे धातू काही ग्रॅमच भरतात. विटेभोवती उष्णतेने फुगणारी एक तंतुमय चटई गुंडाळून ती पोलादी कवचात घट्ट बसवलेली असते. या चटईचा उल्लेख शेवटी पुन्हा येईल, कारण नवा भाग बसवल्यानंतरच्या पहिल्या काही मिनिटांत तिला महत्त्व असते.

थंड कन्व्हर्टर जवळजवळ काहीच करत नाही. साधारण २५० ते ३०० अंश सेल्सियस तापमान गाठल्यावर तो कामाला लागतो. म्हणूनच अलीकडच्या मोटारींत तो इंजिनाच्या अगदी जवळ, कित्येकदा एक्झॉस्ट मॅनिफोल्डलाच, म्हणजे सिलिंडरांतला धूर एकत्र करणाऱ्या नळ्यांच्या जोडालाच, जोडून बसवलेला असतो.

ऑक्सिजनची टाकी

तिन्ही प्रदूषकांवर एकाच वेळी काम करण्यात एक अडचण आहे. दोन प्रदूषकांना ऑक्सिजन द्यायचा आहे आणि तिसऱ्याकडून काढून घ्यायचा आहे. हवा आणि पेट्रोल यांचे वजनी प्रमाण १४.७ ला १ च्या आसपास असेल, तरच या दोन्ही गोष्टी साधतात. प्रत्यक्षात इंजिनाचा संगणक हे प्रमाण अचूक धरून ठेवू शकत नाही; ते सतत किंचित इकडे, किंचित तिकडे झुलत राहते. हे झुलणे पेलता यावे म्हणून ॲल्युमिनाच्या थरात सेरियम ऑक्साइड मिसळलेले असते. धुरात ऑक्सिजन जादा असला की ते तो साठवते आणि कमी पडला की सोडते. ज्या घराला नळाचे पाणी ठरावीक वेळीच येते, तिथे गच्चीवरची टाकी जे काम करते तेच हे आहे : पुरवठा थांबून-थांबून झाला, तरी आतल्या नळाची धार अखंड राहते.

योग्य भाग निवडण्याची किल्ली या टाकीतच आहे. १९९६ च्या मॉडेलपासून अमेरिकेत आणि २००१ पासून युरोपातल्या नव्या पेट्रोल मोटारींत ओबीडी, म्हणजे मोटारीने स्वतःच स्वतःची तपासणी करण्याची यंत्रणा, सक्तीची झाली. या मोटारींत कन्व्हर्टरच्या पुढे एक आणि मागे एक असे दोन ऑक्सिजन सेन्सर असतात. पुढच्या साध्या सेन्सरचा व्होल्टेज ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान झपाट्याने वर-खाली होत असतो. टाकी मोठी असेल तर मागच्या सेन्सरपर्यंत हे हेलकावे पोचतच नाहीत आणि त्याची रेषा जवळपास सपाट राहते. टाकी लहान झाली, की मागची रेषाही पुढचीसारखी नाचू लागते, आणि संगणक त्यावरून पी ०४२० हा कोड नोंदवतो. संगणक धुरातले प्रदूषण थेट मोजत नाही. तो टाकीचे आकारमान अजमावतो आणि त्यावरून कन्व्हर्टरच्या प्रकृतीचा अंदाज बांधतो.

कन्व्हर्टर आपणहून क्वचितच मरतो

उत्प्रेरक खर्ची पडत नसल्यामुळे, नीट राखलेल्या इंजिनावरचा मूळ कन्व्हर्टर मोटारीच्या आयुष्याइतका टिकावा अशीच त्याची रचना असते. तो लवकर गेला, तर बहुतेक वेळा दोष इंजिनाकडे असतो.

सर्वांत घातक कारण म्हणजे मिसफायर. स्पार्क प्लग किंवा इग्निशन कॉइल खराब झाली, की एखाद्या सिलिंडरमधले पेट्रोल न जळता तसेच पुढे जाते आणि कन्व्हर्टरच्या आत जळते. सिरॅमिकची वीट सुमारे १४०० अंशांच्या पुढे वितळू लागते, आणि सतत मिसफायर होत असताना तिथवर पोचणे अवघड नसते. म्हणूनच मिसफायर चालू असताना चेक इंजिनचा दिवा नुसता पेटत नाही, तो लुकलुकतो. लुकलुकणाऱ्या दिव्याचा अर्थ ‘आत्ताच वेग कमी करा’ असा आहे. अशा मोटारीतून काढलेल्या विटेची छिद्रे मधोमध वितळून एकमेकांत मिसळलेली आणि काचेसारखी गुळगुळीत झालेली दिसतात.

दुसरे कारण इंजिन ऑइल. बहुतेक ऑइलमध्ये झीज रोखण्यासाठी जस्त आणि फॉस्फरसयुक्त पदार्थ असतो. पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्हचे सील झिजून इंजिन ऑइल पिऊ लागले, की हा फॉस्फरस धातूंच्या कणांवर थर धरून बसतो. वीट साबूत राहते, छिद्रे मोकळी दिसतात. पण उत्प्रेरक झाकला गेलेला असतो. हेड गॅस्केटमधून कूलंट गळत असेल तर त्यातले सिलिकेट हेच करतात. काही सिलिकॉन सीलंटची वाफ ऑक्सिजन सेन्सरलाही निकामी करते. शिसे तर या तंत्राचे जन्मजात वैरी. फ्रेंच अभियंता युजीन हुद्री याने १९५० च्या दशकातच मोटारीच्या धुरासाठी उत्प्रेरक-यंत्र बनवले होते, परंतु त्या काळच्या पेट्रोलमधल्या शिशापुढे ते टिकणे शक्य नव्हते. १९७५ च्या मॉडेलपासून अमेरिकन मोटारींत कन्व्हर्टर सर्रास आले, ते शिसेविरहित पेट्रोल सोबत घेऊनच.

या सगळ्याचा खरेदीशी संबंध सरळ आहे. दोन तेल-बदलांच्या मधे लिटरभर ऑइल भरावे लागणाऱ्या इंजिनावर नवा, उत्तम, महागडा कन्व्हर्टर बसवला तरी तोही त्याच वाटेने जाणार. इंजिन दुरुस्त करणे परवडणार नसेल, तर महागड्या कन्व्हर्टरवर खर्च करण्यात मला तरी शहाणपण दिसत नाही.

दिवा लागला म्हणजे कॅट गेलाच का?

नाही. मागच्या सेन्सरच्या अलीकडे एक्झॉस्ट पाइपला बारीक चीर असली, तर बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला जादा ऑक्सिजन दिसतो आणि रेषा नाचते. कन्व्हर्टर मात्र ठणठणीत असतो. सेन्सर स्वतःच मंदावलेला असू शकतो. इंधनाचे मिश्रण सतत घट्ट किंवा पातळ असेल, तरी चांगला कन्व्हर्टर निकम्मा भासतो. काही मॉडेलांच्या बाबतीत तर उत्पादकांनी पुढे संगणकाचे सॉफ्टवेअर सुधारून हा कोड विनाकारण उमटू नये अशी सोय केली होती. तेव्हा एक्झॉस्टची गळती, मिसफायरचे कोड (पी ०३०० पासून पुढचे) आणि इंधन-मिश्रणाचे आकडे, एवढे तरी आधी पाहून घ्यावे.

प्रत्यक्ष बिघाड दोन तऱ्हांचा असतो आणि दोन्हींची लक्षणे वेगळी असतात. वीट फुटली किंवा वितळली असेल, तर थंड कन्व्हर्टरवर रबरी हातोडीने हलकेच ठोकल्यावर आत खुळखुळ ऐकू येते. तुकड्यांनी वाट अडवली असेल, तर चढावर आणि जास्त फेऱ्यांवर इंजिनाचा जीव घुसमटतो. पुढच्या ऑक्सिजन सेन्सरच्या जागी दाबमापक लावून मिनिटाला अडीच हजार फेऱ्यांवर मोजल्यास दाब साधारण तीन पीएसआयच्या वर जात असेल, तर अडथळ्याचा संशय पक्का होतो. वीट साबूत आहे पण उत्प्रेरक थकला आहे, अशा वेळी यातले काहीच दिसत नाही. मोटार नेहमीसारखीच पळते. दोन्ही सेन्सरच्या रेषा स्कॅनरवर शेजारी ठेवून पाहिल्यावरच ते कळते.

कन्व्हर्टरच्या पुढचे आणि मागचे तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने मोजण्याची पद्धत लोकप्रिय आहे : मागची बाजू जास्त गरम असेल तर कन्व्हर्टर चांगला, असे मानले जाते. जुन्या, कार्ब्युरेटरच्या इंजिनांवर तिला काही अर्थ होता. अलीकडच्या इंजिनांतून मुळातच इतके कमी प्रदूषक निघतात, की चांगल्या कन्व्हर्टरमध्येही तो फरक धड दिसत नाही.

मोटार कोणत्या पिढीची आहे?

‘जुनी मोटार’ या शब्दांत चाळीस वर्षांचे अंतर सामावू शकते आणि प्रत्येक पिढीला लागणारा कन्व्हर्टर वेगळा आहे.

१९७० च्या दशकातले पहिले कन्व्हर्टर दुहेरी होते. ते फक्त कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन जाळत, नायट्रोजनच्या ऑक्साइडांना हात लावत नसत. १९७७ च्या मॉडेलमध्ये व्होल्वोने बॉशच्या ऑक्सिजन सेन्सरच्या साहाय्याने मिश्रणावर नियंत्रण ठेवणारी तिहेरी पद्धत कॅलिफोर्नियात आणली आणि १९८० च्या दशकात ती रूढ झाली. युरोपात १९९२-९३ च्या ‘युरो १’ मानकांनी कन्व्हर्टर व्यवहारात अनिवार्य केला. मधल्या काळातल्या काही मोटारींत दोन विटा असून त्यांच्या मधे एका नळीने ताजी हवा सोडली जाते : पहिली वीट नायट्रोजनची ऑक्साइडे फोडते आणि हवा मिळाल्यावर दुसरी उरलेले जाळते. अशा मोटारीला हवेच्या नळीची जोडणी नसलेला कन्व्हर्टर बसवला, तर दुसऱ्या विटेला पुरेसा ऑक्सिजन मिळत नाही. उलट, ऑक्सिजन सेन्सर नसलेल्या साध्या कार्ब्युरेटरच्या मोटारीवर आधुनिक तिहेरी कन्व्हर्टर लावून नायट्रोजनच्या ऑक्साइडांत मोठी घट होईल अशी अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही, कारण मिश्रणाचे प्रमाण त्या अरुंद पट्ट्यात राहतच नाही.

या दृष्टीने ओबीडीपूर्वीच्या मोटारीच्या मालकाचे काम बरेच सोपे आहे. मागे लक्ष ठेवणारा सेन्सर नसल्याने, योग्य प्रकाराचा, इंजिनाच्या आकाराला आणि मोटारीच्या वजनाला पुरेसा असा चांगल्या उत्पादकाचा साधा भाग त्याला चालून जातो. खरी परीक्षा ओबीडीनंतरच्या मोटारींची असते.

किमतीतला फरक कुठून येतो

कवच, चटई, सिरॅमिक आणि मजुरी यांत चोरी करण्यासारखे फारसे काही नसते. काटकसर होते ती धातूंच्या आणि सेरियमच्या प्रमाणात. २०२१ मध्ये ऱ्होडियमचा भाव सोन्याच्या दहापटीहून वर गेला होता. कन्व्हर्टरच्या चोऱ्या वाढल्या त्या याच लोभापायी, आणि भाग बनवणाऱ्यालाही प्रत्येक मिलिग्रॅम वाचवण्याचा मोह होतो तो याच कारणाने. स्वस्त भागात वीट आखूड असते किंवा तिच्यावरचा धातूंचा लेप विरळ असतो किंवा दोन्ही. नव्या कोऱ्या अवस्थेत असा भागही तपासणीत उत्तीर्ण होतो. पण उष्णतेने धातूंचे सूक्ष्म कण हळूहळू एकत्र येऊन मोठे होतात व त्यांचे उघडे पृष्ठफळ घटते, सेरियमही थकते. मुळातच लहान असलेली टाकी थोडी आटली, की मागचा सेन्सर ते टिपतो. नवा भाग बसवल्यावर विझलेला दिवा काही महिन्यांनी पुन्हा लागतो तो बहुधा यामुळे. भाग ‘खोटा’ निघाला असे मालकाला वाटते, पण तो त्या मोटारीच्या संगणकाच्या अपेक्षेला पुरणारा कधीच नव्हता, एवढेच.

म्हणून विक्रेत्याला किंमत विचारण्याआधी ‘हा भाग ओबीडी असलेल्या माझ्या मॉडेलसाठी प्रमाणित आहे का आणि कार्यक्षमतेची हमी किती अंतराची आहे?’ असे विचारावे. कवचाला गंज चढणार नाही ही हमी वेगळी आणि उत्प्रेरक काम करत राहील ही हमी वेगळी. जाहिरातीत अनेकदा मोठा आकडा असतो तो कवचाचा.

आपल्या मोटारीचा नेमका भाग ओळखणे

मॉडेलचे नाव आणि साल पुरेसे नसते. एकाच सालच्या एकाच मॉडेलमध्ये दोन इंजिने, दोन गिअरबॉक्स आणि दोन वेगवेगळ्या प्रदूषण-मानकांचे प्रकार असू शकतात. अनेक मोटारींच्या बोनेटखाली एक छापील लेबल चिकटवलेले असते, ज्यावर इंजिनाची क्षमता, प्रदूषण-चाचणीचा गट आणि कोणत्या मानकासाठी मोटार बनवली ते लिहिलेले असते. धूळ पुसून त्याचे छायाचित्र काढून ठेवावे आणि चासी नंबरासोबत विक्रेत्याला द्यावे. जुन्या कन्व्हर्टरच्या कवचावर ठोकलेला भाग-क्रमांकही वाचता येत असेल, तर उत्तमच.

यानंतरची चूक जास्त महाग पडते : चुकीचाच कन्व्हर्टर बदलणे. कित्येक मोटारींत एकाहून अधिक कन्व्हर्टर असतात. व्ही आकाराच्या सहा सिलिंडरांच्या इंजिनावर दोन बाजूंच्या मॅनिफोल्डजवळ एकेक आणि शिवाय मोटारीच्या पोटाखाली एक, असे तीन असू शकतात. पी ०४२० म्हणजे पहिल्या रांगेचा आणि पी ०४३० म्हणजे दुसऱ्या रांगेचा दोष. मागचा सेन्सर ज्या कन्व्हर्टरच्या लगेच मागे आहे, त्याच्यावरच पाळत असते आणि तो बहुधा इंजिनाजवळचा असतो. पोटाखालचा काढायला सोपा आणि घ्यायला स्वस्त, म्हणून तोच बदलला जातो आणि कोड जसाच्या तसा राहतो.

बोल्टचा की वेल्डिंगचा?

नेमक्या मॉडेलसाठी बनवलेल्या भागाला फ्लँज (बोल्टने जोडायच्या चपट्या कडा), सेन्सरच्या आट्या आणि आधाराचे ब्रॅकेट जागच्या जागी असतात. बोल्ट आवळले की काम झाले. सरसकट भाग म्हणजे दोन तोंडांचा नुसता डबा, जो पाइप कापून वेल्डिंगने जोडावा लागतो. तो वाईटच असतो असे नाही. ज्यांचे नेमके भाग मिळणेच बंद झाले आहे अशा ओबीडीपूर्वीच्या मोटारींसाठी तोच व्यवहार्य मार्ग ठरतो. पण कुशल हात हवेत. पाइपचा व्यास जुळला पाहिजे, डबा मूळ जागीच बसला पाहिजे. सोयीसाठी तो हातभर मागे सरकवला, तर थंड इंजिन सुरू केल्यावर तो तापायला अधिक वेळ घेतो आणि नेमक्या त्याच काळात मोटार सर्वाधिक प्रदूषण करते. सेन्सरची जागा बदलली तर संगणकाचा हिशेब चुकतो. इंजिनाच्या बाजूला येणारे टोक कोणते हे कवचावरच्या बाणाने दाखवलेले असते आणि तो बाण धुराच्या प्रवाहाच्या दिशेने असायला हवा. उष्णतारोधक पत्राही परत लावायचा असतो. तापलेल्या डब्याखाली वाळलेले गवत आले तर ते पेटू शकते.

ओबीडी असलेल्या मोटारीसाठी मी सरसकट भागाची शिफारस करणार नाही.

नियम काय सांगतात

नियम देशागणिक बदलतात, पण त्यांतून भागाच्या दर्जाविषयी बरेच कळते. युरोपसह अनेक देशांत बदली कन्व्हर्टरसाठी संयुक्त राष्ट्रांच्या मोटारविषयक नियमावलीतला १०३ क्रमांकाचा नियम लागू आहे. त्यानुसार मंजूर भागावर वर्तुळातले ‘ई’ हे अक्षर आणि मंजुरीचा क्रमांक कोरलेला असतो, आणि ओबीडी असलेल्या मोटारीसाठी भाग चालतो का याची त्यात वेगळी कसोटी आहे. अमेरिकेत १९९५ आणि नंतरच्या मॉडेलांच्या मूळ कन्व्हर्टरला ८ वर्षे किंवा ८०,००० मैल, म्हणजे सुमारे १,२९,००० किलोमीटर, इतकी कायदेशीर हमी आहे. मोटार कमी चाललेली असेल तर खिशाला हात घालण्यापूर्वी ही मुदत संपली आहे का ते पाहावे. तिथेच दुसऱ्या उत्पादकाच्या नव्या भागाला कार्यक्षमतेची हमी केंद्रीय नियमांनुसार २५,००० मैलांचीच द्यावी लागते, तर कॅलिफोर्नियात ओबीडी मोटारींच्या भागासाठी ५ वर्षे किंवा ५०,००० मैलांची. कॅलिफोर्नियात मंजूर झालेल्या भागावर तिथल्या आदेशाचा क्रमांक ठोकलेला असतो, आणि न्यूयॉर्क, मेन व कोलोराडो ही राज्येही तोच दर्जा मागतात. एकाच कारखान्यातून एकाच मॉडेलसाठी निघालेले दोन दर्जाचे भाग बाजारात असतात ते यामुळे. जास्त मुदतीच्या हमीचा भाग महाग असतो, कारण त्यात लेप अधिक दाट असतो.

डबा काढूनच टाकला तर?

कन्व्हर्टर काढून सरळ पाइप टाकला की ताकद वाढते, ही समजूत चिवट आहे. तुंबलेल्या कन्व्हर्टरच्या तुलनेत ती खरी वाटते, कारण तुंबलेला काहीही काढला तरी श्वास मोकळा होतोच. निरोगी कन्व्हर्टरचा अडथळा रोजच्या मोटारीत जाणवण्याइतका नसतो. शिवाय कन्व्हर्टर काढणे अनेक देशांत बेकायदा आहे, तपासणीत मोटार अडकते आणि कार्बन मोनॉक्साइड तसाच बाहेर पडतो. मागचा सेन्सर नळीच्या तुकड्यावर उचलून बसवायची युक्तीही सर्रास सुचवली जाते. त्याने दिवा कदाचित विझेल. धूर आहे तसाच राहील, आणि पुढे खरोखर बिघाड झाला तर सांगणारा कोणी उरणार नाही.

पेट्रोलच्या टाकीत ओतायच्या औषधांचे काय? विटेवर साचलेली काजळी असेल तर लांबवर, जोमाने मोटार चालवूनही ती जळून जाते. वितळलेली वीट किंवा फॉस्फरसने झाकलेला धातू कोणत्याही बाटलीने पूर्ववत होत नाही.

वापरलेला पण मूळ कंपनीचा भाग

हा पर्याय मात्र विचार करण्याजोगा आहे. मूळ भागात धातू भरपूर असतात, त्यामुळे कमी चाललेल्या, अपघातात मोडीत निघालेल्या मोटारीचा कन्व्हर्टर एखाद्या स्वस्त नव्या भागाहून सरस असू शकतो. अडचण अशी, की त्याचा इतिहास डोळ्यांनी वाचता येत नाही. मागच्या मोटारीने ऑइल किती प्याले, मिसफायर किती दिवस चालला, हे छिद्रांतून उजेड पाहून कळत नाही. कॅलिफोर्नियाने वापरलेले कन्व्हर्टर विकण्या-बसवण्यावर बंदी घातली आहे. चोरीच्या मालाचा धोका वेगळाच. जिथे कायद्याला हरकत नाही आणि मूळ मोटार, तिचे अंतर व कागदपत्रे समोर दिसत आहेत, तिथे हा पर्याय मी नाकारणार नाही. एरवी नाकारेन.

आणि मोटार वर्ष-दोन वर्षांत विकून टाकायचीच असेल, तर मूळ कंपनीचा सर्वांत महाग भाग घ्यायलाच हवा असेही नाही. त्या मॉडेलसाठी प्रमाणित असलेला, जास्त मुदतीच्या हमीचा, दुसऱ्या नामांकित उत्पादकाचा भाग हा मधला मार्ग बहुतेकांना पुरतो. दीर्घकाळ ठेवायची मोटार असेल किंवा त्या मॉडेलचा संगणक फार चोखंदळ असल्याची ख्याती असेल, तरच मूळ भागाची किंमत वसूल होते.

बसवताना आणि बसवल्यावर

जुने गॅस्केट पुन्हा वापरू नये. तिथली गळती म्हणजे नव्या कन्व्हर्टरवर जुनाच कोड. सेन्सर बरेच चाललेले असतील तर ते याच वेळी बदललेले बरे, कारण गंजलेल्या आट्यांतून ते पुन्हा काढताना तुटतात. जोडणीला सिलिकॉन सीलंट फासण्याचा मोह टाळावा.

सुरुवातीला सांगितलेली तंतुमय चटई नव्या भागात अजून पुरती फुगलेली नसते. म्हणून पहिल्यांदा इंजिन सुरू केल्यावर लगेच जोरात पळवू नये. मोटार उभी ठेवून आधी काही मिनिटे सावकाश तापू द्यावी, मग मध्यम फेऱ्यांवर आणखी काही मिनिटे चालवून थंड होऊ द्यावी. उत्पादकाच्या चिठ्ठीत नेमकी रीत दिली असेल तर तीच पाळावी. या वेळी नव्या धातूचा आणि चटईचा थोडा वास व धूर येतो, त्याने दचकू नये. चटई न फुगता विटेला धक्के बसले, तर ती कवचात सैल होऊन काही दिवसांतच खुळखुळू लागते.

शेवटी स्कॅनरने कोड पुसला जातो आणि त्यासोबत संगणकाची स्वतःच्या तपासण्यांची नोंदही पुसली जाते. कन्व्हर्टरची तपासणी पूर्ण व्हायला काही दिवसांचे मिश्र चालवणे लागते : थंड इंजिनापासून सुरुवात, काही अंतर एकसमान वेगाने, काही थांबत-थांबत. ती पूर्ण होईपर्यंत स्कॅनरवर ‘तयार नाही’ असे दिसत राहते आणि अनेक ठिकाणी अशा अवस्थेतली मोटार प्रदूषण तपासणीत घेतलीच जात नाही. त्यामुळे तपासणीची तारीख जवळ आली असेल, तर कन्व्हर्टर निदान आठवडाभर आधी बदलून घ्यावा, आणि तपासणीला नेण्यापूर्वी स्कॅनरवर ‘तयार’ असे उमटले आहे की नाही ते पाहून घ्यावे.